लाल दिव्याखाली तीन बश्या

१

वस्ताद गेले ते चाखणीच्या खुर्चीत बसून, उजवी मूठ समोरच्या झडपेवर टेकवून.

चाखणीची खोली म्हणजे खोली कसली, उभं कपाटच. एक खुर्ची, तिच्यासमोर फळी, फळीमागच्या भिंतीत वीतभराची सरकती झडप आणि डोक्यावर लाल दिवा. दिवा लाल अशासाठी, की चाखणाऱ्याला रंग कळू नये. डोळे जिभेला फितवतात, असं वस्ताद म्हणायचे. दिवा जुन्या पद्धतीचा होता, हात जवळ नेला तर चटका देणारा. सकाळी अकराला लागलेला तो दुपारी चारला मावशींची किंकाळी ऐकू येईपर्यंत चालूच होता.

साडेचारला अन्न तपासणी खात्याच्या बाई दारात उभ्या राहिल्या. माल रवाना करायच्या कागदांवर सही करायला त्या आल्या होत्या. समोर आलं ते प्रेत. कारखानदार मंडळी त्यांना पाठीमागे ‘चाळणी’ म्हणत, कारण त्यांच्यातून खडा सुटत नसे. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

“बाई, मला जेलीतलं इतकंच कळतं की ती हलते,” फौजदार हळूच म्हणाले. “म्हातारा अर्धांगवायूतून उठलेला. गिळायला त्रास. तुकडा घशात अडकला, संपलं. अपघात लिहून मोकळा होतो. तुमचं काय?”

बाई फळीकडे बघत होत्या. तीन बश्या, प्रत्येकीवर आकडा चिकटवलेला: ४१७, ८६२, २३५. पहिल्या दोन बश्यांत दोन-दोन तुकडे उरले होते, तेही बसकण मारल्यासारखे पसरलेले, कडा ओघळून बशीला चिकटलेल्या. तिसऱ्या बशीतले चार मात्र कोपरे धरून उभे होते.

“आत्ताच काही लिहू नका,” त्या म्हणाल्या.

बाहेर अंगणात ट्रक भरून तयार होता. ड्रायव्हर चाकाला पाय लावून उभा होता. त्याच्या शर्टाच्या खिशातून एका छोट्या कपाचं झाकण डोकावत होतं.

“सहाला निघायलाच पाहिजे, बाई. सोमवारी सकाळी सत्तावीस शाळांत माल पोचला पाहिजे. म्हाताऱ्याचं वाईट झालं हो, पण पोरं थोडीच थांबणार आहेत?”

ट्रकमध्ये साखर नसलेल्या जेलीचे कप होते. त्या जेलीवर बंदी नव्हती. कागद पुरे असले की सही नाकारायला बाईंना कारण लागलं असतं. आजवर त्या कागदांत एकच कागद कमी होता: चाखणीचा. तो वस्ताद देत नव्हते. आता वस्तादच नव्हते, आणि चाखणीच्या सहीचा अधिकार त्यांच्या मुलाकडे, धाकट्या मालकांकडे आला होता.

बाईंनी घड्याळ बघितलं. हातात दीड तास होता.

२

वस्तादांची सून कारखान्याची संशोधक होती. घरात आणि कारखान्यात सगळे तिला सूनबाईच म्हणत. ती प्रयोगशाळेत स्टुलावर ताठ बसली होती. डोळे कोरडे, पण हातातली काचेची कांडी थांबत नव्हती. रिकाम्या भांड्यात ती काहीतरी ढवळत होती.

“ट्रकमधली जेली तुमची?”

“माझी. दोन वर्षं घातली त्यात.” तिनं कांडी खाली ठेवली. “साखर म्हणजे नुसती गोडी नसते, बाई. ती जेलीची हाडं असते. साखर काढली की सगळं लुळं पडतं. मग दुसरं काहीतरी धरायला लागतं. मी एका कंदाचं पीठ वापरलं. साखर शून्य आणि पोटाला चांगला चोथा. पोरांचे दात किडत नाहीत, वजन वाढत नाही. कागदावर तिच्यात खोट नाही.”

“आणि वस्ताद?”

“बाबांनी एकच तुकडा चाखला नि थुंकला. म्हणाले, जे जिभेवर विरत नाही ते पोराच्या हातात द्यायचं नाही. जुनी जेली जिलेटिनची. ती तोंडाच्या उबेनं विरघळते. पोरानं न चावता गिळली तरी घशात टिकत नाही. ही उकळत्या पाण्यातही विरत नाही. अडकली की बूच बसल्यासारखी बसते.” तिनं रिकामं भांडं बाजूला सारलं. “मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, तुम्हाला साखरेचा लळा सुटत नाही. मग त्यांना झटका आला. चार महिने मी त्यांना चमच्यानं भरवलं. गिळणं ही काय चीज आहे ते तेव्हा कळलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चावायचं नाही, हनुवटी खाली घ्यायची, तुकडा जिभेवर ठेवायचा, विरू द्यायचा, मग गिळायचा. ते जिलेटिनशिवाय कशालाच हात लावत नसत.”

“मग आजच्या बश्यांत काय होतं?”

“तिन्ही जिलेटिनच. माझ्या नव्या कृती. साखर निम्मी, बाकी चोथा. त्यांच्या अटीवर, त्यांच्यासाठी.” आता कुठे तिचा आवाज हलला. “जमायला अजून सहा महिने लागले असते. मी ह्यांना म्हटलं, कप थांबवा. हे म्हणाले, भरलेले कप काय मी पिऊ? चार दिवस झाले आम्ही बोललेलो नाही.”

बाईंनी तिसऱ्या बशीतला एक तुकडा चिमट्यात धरून आणला होता. तो त्यांनी सूनबाईसमोर टेबलावर ठेवला.

“हा बघा. पाच तास दिव्याखाली राहून जागचा हलला नाही. दोन बश्या पसरल्या, ही तशीच. हा कंदाचा ना?”

सूनबाईचा चेहरा पांढराफटक पडला. “मी नाही दिला. देवाशपथ, मी नाही.”

बाईंनी कोमट पाण्याचा पेला मागितला आणि तुकडा त्यात टाकला. दोघी बघत राहिल्या. कोपरे गोल झाले, मग तुकडा अर्धा झाला, मग पाण्यात एक पिवळसर रेघ तेवढी उरली.

तो जिलेटिनचा होता.

३

“बाई, आता तर माझं काम सोपं झालं,” फौजदार म्हणाले. “तिन्ही बश्यांत म्हाताऱ्याला चालणारीच जेली. विषय मिटला.”

“डॉक्टर गेले का?”

डॉक्टर फाटकापाशी गाडीत बसत होते. घशातून काढलेला तुकडा त्यांनी एका बाटलीत ठेवला होता. बाईंनी तो तशाच कोमट पाण्यात सोडला. पाच मिनिटं झाली. मग त्यांनी पाणी बदलून वाफाळतं घातलं. तुकडा तळाशी बसून राहिला, ढिम्म. चिमट्यात धरून त्यांनी तो खिडकीच्या उजेडात फिरवला. साच्यातल्या तुकड्याला वरून हलका खळगा असतो. ह्याच्या साही बाजू सपाट होत्या, सुरीनं कापल्यासारख्या.

“हे कपातलं आहे,” बाई म्हणाल्या. “कप पालथा करून कुणीतरी साच्याच्या मापाचे चौकोन कापलेत.”

फौजदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “म्हणजे घशात एक आणि बशीत दुसरंच?”

“जे विरायला हवं होतं ते घशात विरलं नाही. आणि बशीत जे पाच तासांत विरायला हवं होतं, तेही विरलं नाही. दोन बश्यांकडे बघा. तिथे दिव्यानं आपलं काम चोख केलंय. तिसऱ्या बशीतले तुकडे पाच तास तिथे नव्हतेच, फौजदारसाहेब. ते नंतर आले.”

“नंतर म्हणजे कधी?”

“प्रेत सापडल्यावर. मी येऊन दिवा बंद करायला लावला त्याच्या आधी.”

पाच वाजून गेले होते. अंगणात ट्रकच्या मागच्या फळीची कडी लागल्याचा आवाज आला.

बश्या झडपेतून आत द्यायचं काम मावशींचं. त्या वीस वर्षं कारखान्यात, त्यातली शेवटची बारा झडपेमागे. धुण्याच्या बेसिनपाशी पदराचा बोळा तोंडात धरून त्या उभ्या होत्या.

“मावशी, बश्या कुणी लावल्या?”

“मीच. दुसरं कोण लावणार? सूनबाईंनी आकडे दिले, मी तीन-तीन तुकडे ठेवले, वर फडकं टाकलं.”

“कायम तीनच?”

“मी आल्यापासून तीनच. एक चाखायला, एक शंका आली तर, एक उरायला.” बोलता बोलता त्यांना पुन्हा हुंदका आला. “पहिली बशी दिली, पास-नापासाची चिठ्ठी बाहेर आली. दुसरी दिली, चिठ्ठी आली. तिसरी दिली...”

“आणि?”

“नाही आली चिठ्ठी.”

“मग तुम्ही झडप उघडून बघितलं नाही?”

“आई गं, झडप कशी उघडणार?” मावशींनी डोळे विस्फारले. “चिठ्ठी बाहेर आल्याशिवाय झडप उघडायची नाही, बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. वस्तादांचा नेमच होता तो. चाखणाऱ्याला माणूस दिसला की जीभ भिडस्त होते म्हणायचे. एकदा मी शिंकले तर सगळी चाखणी रद्द केली होती त्यांनी.”

“पण चारपर्यंत कुणालाच काही वाटलं नाही?”

“चाखणीच्या दिवशी ते जेवायचे नाहीत. तिथेच डुलकी काढायचे. आणि शनिवार, अर्धा दिवस. माणसं बाराला घरी गेली.”

“बश्या फडक्याखाली असताना तुम्ही त्यांना सोडून कुठे गेला होतात?”

“पाणी आणायला. दोन मिनिटं.”

“आणि तिसरी बशी दिल्यावर? चिठ्ठीची वाट बघत तुम्हीच उभ्या होतात?”

मावशींनी जमिनीकडे बघितलं. पदराचा बोळा पुन्हा तोंडाशी गेला.

“होते की,” त्या पुटपुटल्या.

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं, मग बेसिनकडे. नळ गरम पाण्याचा होता आणि तो नीट बंद झालेला नव्हता.

४

धाकटे मालक ऑफिसात वडिलांच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी बाईंना समोरची खुर्ची दाखवली आणि कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. चाखणीच्या कागदावर त्यांची स्वतःची सही होती. शाई ताजी होती.

“अशा दिवशी हे बोलणं बरं दिसत नाही, कळतंय मला. पण वडील गेले म्हणून सत्तावीस शाळांना थांबा कसं म्हणू?”

“वस्तादांनी हा माल नापास केला होता.”

“वस्ताद सगळंच नापास करायचे. मला तर जन्मल्या दिवशीच केलं असेल.” ते हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. “माफ करा. ह्या कारखान्यात मी वाढलो, बाई. आई लवकर गेली. शाळा सुटली की मी त्या झडपेमागे उभा. मावशी फार नंतर आल्या. त्यांच्याआधी बश्या मीच लावायचो. तुकडा कमी पडला की झडपेतून हात यायचा आणि बोटांवर पट्टी. तोंडानं एक शब्द नाही. झडपेतून नुसता हात. मला वडील आठवतात ते असे.”

“प्रेत पहिल्यांदा कुणी बघितलं?”

“मावशींनी. त्या ओरडल्या, मी धावत गेलो. त्यांना डॉक्टरकडे पिटाळलं.”

“आणि तुम्ही?”

“मी बाबांजवळ थांबलो. कशालाही हात लावला नाही.”

बाईंनी मान डोलावली. उठता उठता त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, “तुमच्या वेळी बशीत तुकडे किती असायचे हो?”

“चार,” धाकटे म्हणाले. “कायम चार.”

ते बोलून गेले आणि मग बाईंच्या डोळ्यांकडे बघत राहिले. भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच वाजले होते.

५

बाईंनी दार उघडून फौजदारांना आत घेतलं. मावशी आणि सूनबाई त्यांच्या मागोमाग आल्या.

“मावशी तीन तुकडे ठेवतात,” बाई उभ्यानंच बोलू लागल्या. “वस्तादांनी एक-एक चाखला, दोन-दोन उरले. पहिल्या दोन बश्यांचा हिशोब बरोबर जुळतो. तिसऱ्या बशीतला तुकडा तर त्यांच्या घशात सापडला. तरी त्या बशीत चार. ज्या बशीतून माणूस खाऊन मेला, ती भरलेली कशी?”

बाईंनी एकेकाकडे बघितलं.

“ज्यानं ती भरली, त्यानं मोजलं नाही. तेवढा वेळच नव्हता. मावशी डॉक्टरला घेऊन येईपर्यंत पाच-सात मिनिटं. झडपेबाहेरच्या कपाटात जिलेटिनच्या नमुन्यांची बरणी असते, हात तिच्यात गेला आणि सवयीनं बशी लावली. मावशींनी लावली असती तर तीन. सूनबाईंनी तर तीनच पाहिलेत. बशीत चार ठेवणारा हात ह्या कारखान्यात एकच उरलाय. आणि तो पट्टीनं शिकवलेला आहे.”

“सवय म्हणजे पुरावा नव्हे,” धाकटे म्हणाले. आवाज शांत होता.

“नव्हेच. म्हणून मी विचार केला, बशीतले आधीचे दोन तुकडे गेले कुठे? कारखान्यात वाढलेला माणूस जेली कशी नाहीशी करतो? बेसिनमध्ये टाकतो आणि वर गरम पाणी सोडतो. मिनिटभरात काही उरत नाही.” बाई फौजदारांकडे वळल्या. “बेसिनच्या भोकावरची जाळी काढलीत?”

फौजदारांनी मूठ उघडली. रुमालावर दोन पिवळे चौकोन होते. स्वच्छ, चकचकीत, कोपरे शाबूत.

“गरम पाण्यानं ह्यांना धुऊन काढलं फक्त,” बाई म्हणाल्या.

सूनबाई भिंतीला टेकली. “तुम्ही त्यांना कंदाची दिलीत?” ती नवऱ्याला म्हणाली. “तुम्हाला माहीत होतं ते कसे गिळतात. मी तुमच्यासमोर भरवत होते!”

“आकड्याखाली चाखली असती तर पास केली असती त्यांनी!” धाकटे उसळून म्हणाले. “नाव कळलं म्हणून नापास. कुणी केली, कशाची केली, हे कळल्याशिवाय एकदा तरी चाखा, एवढंच मला पाहिजे होतं. त्यांचाच नेम होता ना तो? झटक्यानंतर जीभ अर्धी बधिर झाली होती, फरक कळणार नाही असं वाटलं. कळला तर शिव्या देतील. आणखी काय?”

“त्यांनी जिलेटिन समजून तुकडा जिभेवर ठेवला,” बाई म्हणाल्या. “हनुवटी खाली घेतली आणि तो विरायची वाट बघितली. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे, अगदी बरोबर. तो विरला नाही. घसरला. त्यांची मूठ झडपेवर होती, मालक. त्यांनी झडप ठोकली असणार. झडपेमागे कोण होतं?”

मावशींनी तोंडावरचा पदर काढला.

“मी नव्हते,” त्या म्हणाल्या. “धाकटे आले नि म्हणाले, मावशी, तू घरी जा, चिठ्ठी मी घेतो. मी गेले, नि चारला बश्या आवरायला परत आले, तर ते तसे. जागा सोडली म्हणून मलाच धरतील, ह्या भीतीनं मी खोटं बोलले. वस्ताद असते तर पट्टीच मारली असती मला.”

धाकट्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि आपल्याच बोटांकडे बघत बोलू लागले.

“ठोकत होते. पहिल्यांदा जोरात. मला वाटलं, ओळखलं. संतापले. झडप उघडली की हात बाहेर येईल. चाळीस वर्षांचा माणूस मी, बाई, पण मागे सरकलो. मग हळू ठोकलं. मग नाही. म्हटलं, शांत झाले, आता लिहीत असतील.”

“किती वेळ उभे होतात?”

“पंधरा-वीस मिनिटं. मग वाटलं, डुलकी लागली असेल, ऑफिसात गेलो. चिठ्ठी आल्याशिवाय झडप उघडायची नसते.” त्यांनी मान वर केली. चेहरा एकाएकी लहान मुलासारखा झाला होता. “मी चिठ्ठीची वाट बघत होतो.”

फौजदारांनी टोपी घातली. सूनबाई पुढे आली. तिनं टेबलावरचा चाखणीचा कागद उचलला, नवऱ्याची ताजी सही असलेला, आणि फाडला. तुकडे तिनं टोपलीत टाकले नाहीत. बाईंच्या हातात दिले.

“सकाळी कोरा होता तेव्हाच का नाही फाडला मी हा,” ती म्हणाली.

६

सहाला पाच मिनिटं कमी असताना ट्रकचं इंजिन सुरू झालं. बाई अंगणात आल्या आणि समोर उभ्या राहिल्या.

“बंद करा. माल उतरणार.”

“सगळा?” ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. “बाई, भरायला सकाळ गेली. माझी कंबर बघा.”

“सगळा. आणि खिशातलाही.”

ड्रायव्हरनं खिशावर हात ठेवला आणि ओशाळून हसला. “हा होय? पोरीसाठी घेतला. फुटक्या खोक्यातला आहे, चोरी नाही. चार वर्षांची आहे, रोज विचारते, काय आणलं.”

“आत म्हातारे गेले ते ह्याच्याच एका तुकड्यानं. अख्खा कपही नव्हता.”

ड्रायव्हरनं कप खिशातून काढला. झाकणाकडे बघितलं. मग इंजिन बंद केलं, आणि बाईंना त्याच्या ओठांचा रंग उतरताना दिसला.

“काल पण एक नेला होता,” तो म्हणाला.

“मग?”

“झोपली होती ती. उशाशी ठेवला. सकाळी मी अंधारातच निघालो.”

त्यानं फोन लावला. नंबर दोनदा चुकला. ट्रकच्या हमालांनी अंगणात उतरवलेली पहिली खोकी एकावर एक चढत होती. त्या आवाजात फोनची घंटा बाईंनाही ऐकू येत होती. एक. दोन. पाच. सात.

“कुठे होतीस?” ड्रायव्हर एकदम ओरडला. “पोरगी कुठंय? उशाशी कप होता तो... हो, जेलीचा... खाल्ला का तिनं? खाल्ला का, ते सांग आधी!”

पलीकडून बायको काहीतरी सांगत होती. ड्रायव्हरचा खांदा ट्रकच्या दाराला टेकला आणि तो हळूहळू खाली पायरीवर बसला.

“काय म्हणाल्या?” बाईंनी विचारलं.

त्यानं मनगटानं तोंड पुसलं.

“दिवसभर हातात घेऊन फिरतेय म्हणे. झाकण तिला उघडत नाही. मी येऊन उघडून देईन म्हणून वाट बघतेय.”